दुसऱ्या गटातले उंदीर

रोज बसमधून जाताना माझी नजर मोबाइलवर असते. एकदा बस मध्येच बंद पडली आणि मी कुणाला न विचारता चालत घरी पोचले. हा रस्ता मी शिकले कधी?

हाच प्रश्न एडवर्ड टोलमन बर्कलीत उंदरांबाबत विचारत होता. त्या काळी अमेरिकी मानसशास्त्रात वर्तनवादाचा दबदबा होता. जॉन वॉटसनने १९१३मध्ये बजावलं होतं की दिसतं, मोजता येतं त्याचाच अभ्यास करा; मनाचं नाव नको. पुढच्या पिढीतल्या नववर्तनवाद्यांनी मोजमाप सोडलं नाही, पण चेतक आणि प्रतिसाद यांच्या मध्येही काही घडतं, हे मान्य केलं. काय घडतं, यावर मात्र त्यांचं जमलं नाही. येलचा क्लार्क हल म्हणे, भूक भागते म्हणून सवय पक्की होते. बक्षीस नाही, तर शिकणं नाही.

१९३०मध्ये टोलमन आणि होन्झिक यांनी उंदरांच्या तीन गटांचा प्रयोग प्रसिद्ध केला. भूलभुलैयाच्या शेवटी पहिल्या गटाला रोज खाणं मिळे, दुसऱ्याला कधीच नाही. तिसऱ्याला दहा दिवस काही नाही. अकराव्या दिवसापासून खाणं. तोवर तिसरा गट ढच वाटत होता. बाराव्या दिवशी त्याच्या चुका धाडकन कमी झाल्या आणि तो पहिल्या गटाच्या बरोबरीला आला. रस्ता त्यांना आधीच ठाऊक होता, दाखवायला कारण नव्हतं. टोलमनने याला 'सुप्त अध्ययन' म्हटलं.

वाद बरीच वर्षं चालला. शेवटी हलनेही आपली सूत्रं बदलली: बक्षिसाच्या आकाराने सवयीचं बळ नव्हे, कामगिरी बदलते. १९४८मध्ये टोलमनने लिहिलं की उंदराच्या डोक्यात परिसराचा नकाशा तयार होतो, आणि अति भूक किंवा निराशा असेल तर तो अरुंद होतो. पोरांना वाढवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं, असंही त्याने सुचवलं.

निकालाच्या दिवसांत मला आठवतो तो दुसरा गट. पहिले दहा दिवस तोही तिसऱ्या गटासारखाच त्याच वाटांनी फिरला होता. त्याला काय येतं हे कुणाला कळलंच नाही, कारण त्याचा अकरावा दिवस कधी उजाडलाच नाही.