खाणावळवालीची पत

अमेरिकेंतील मिल्वाकी शहरीं स्टीव्ह डी शेझर व इन्सू किम बर्ग या दांपत्यानें १९७८ सालीं एक केंद्र काढलें. तेथें घडलेली उपचाराची रीत पुढें समाजसेवकांनींही उचलली. गांजलेल्या माणसापाशीं त्याच्या दुःखाचें मूळ उकरीत बसूं नये; तें दुःख कोणत्या वेळीं कमी भासतें आणि त्या वेळीं तो स्वतः काय करीत असतो, हें विचारावें, असें तिचें सार सांगतां येईल. आमच्या वाचकांस हा प्रकार परका वाटेल. परंतु याच दृष्टीनें झालेलें एक काम लालबाग-परळांत त्याच्याही आधीं उभें राहिलें होतें.

गिरणगांवांतील कामगार बहुधा कोंकणांतून किंवा घाटावरून एकटाच आलेला. एका खोलींत पाळीपाळीनें निजणारे अनेक गडी, आणि त्यांचें जेवण चाळींतल्याच एखाद्या बाईकडे. ही खाणावळवाली पहांटेपासून चुलीपुढें राबे. पैसे मिळत ते गिरणीच्या पगारावर. वाण्याचें देणें मात्र त्यापूर्वींच दारांत उभें. मग सावकार गांठावा लागे, आणि मिळकत व्याजांत जिरून जाई.

अशा बाईच्या दारीं आमच्यासारखा शिकलेला मनुष्य गेला म्हणजे काय टिपून घेतो? निरक्षरता, कर्ज, नवऱ्याचें व्यसन. वही भरते आणि गृहस्थ समाधानानें घरीं परततात! हें आम्हीं ऐकीव सांगत नाहीं. आमच्याही अशा वह्या आहेत.

गोवामुक्तीच्या लढ्यांतून आलेल्या व गिरणगांवांतील कामगार चळवळींत वावरलेल्या प्रेमा पुरव यांनीं १९७५ सालीं अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापिलें, तें याहून निराळ्या नजरेनें. गिरण्यांच्या संपांत पगार बंद पडला तरी या बायका गिऱ्हाइकांस उधारीवर जेवूं घालीत, हें त्यांच्या डोळ्यांसमोर होतें. म्हणजे हिशेब तोंडीं ठेवणें, पत राखणें, अडल्या दिवसांत निभावून नेणें, हें सर्व त्यांस येतच होतें; नव्हतें तें बेताच्या व्याजाचें भांडवल. तारणास दागिना नाहीं, जागाही नाहीं. तेव्हां बायकांनींच एकमेकींस जामीन राहावें अशी योजना झाली, आणि १९६९ सालीं सरकारी झालेल्या बँकेकडून त्यांस कर्ज मिळूं लागलें. कोणाची चूल किती वेळ पेटते, हें शेजारणीस जितकें ठाऊक तितकें कोणत्या मॅनेजरास असणार?

तथापि १८ जानेवारी १९८२ रोजीं गिरण्यांचा जो संप सुरू झाला, त्यांत सुमारें अडीच लाख कामगार गुंतले, आणि कित्येक गिरण्या पूर्ववत् चालल्याच नाहींत. खाणावळवालीचें कसब होतें तेंच होतें, जामीन राहणाऱ्या शेजारणीही त्याच होत्या. परंतु पानावर बसणाऱ्या गड्यांपैकीं पुष्कळजण आपापल्या गांवीं परतले होते.