टिळकांनी वाट पाहिली

मी वाशीवरून बोलतोय. नवी मुंबईची नाही हां, आपली धाराशिव जिल्ह्यातली. आपल्याकडं पंढरपूर म्हटलं की वारी आठवते. आजच्या गोष्टीत मात्र पंढरपूर म्हणजे दुरावा.

१० फेब्रुवारी १८९५ ला कवी नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर आभाळच कोसळलं. लहानग्या दत्तूला घेऊन त्या पंढरपुरात नातेवाइकांकडं राहिल्या.

आता कायदा बघा. धर्मांतरामुळं जोडीदार सहा महिने सोबत राहिला नाही, तर धर्मांतर केलेल्याला कोर्टात जाऊन लग्न मोडून मागता यायचं. १८६६ चा कायदा होता हा. टिळकांनी ती वाट धरलीच नाही. पत्रं लिहीत राहिले.

काही वर्षांनी लक्ष्मीबाई नगरकडं परत आल्या, तेही आपलं सोवळं सांभाळून. ‘आधी ख्रिस्ती हो, मग संसार’ अशी अट टिळकांनी घातली नाही. जातपात माणसानंच केली, हे लक्ष्मीबाईंना पुढं राहुरीत आपलं आपण उमगलं. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

घरातली हीच रीत टिळकांनी पुढं बाहेरही चालवली. १९१७ मध्ये साताऱ्यात त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. ख्रिस्तावर प्रेम असलं की झालं, बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, तो आपला भाऊ. दोनच वर्षांत, १९१९ ला, टिळक गेले आणि तो प्रयोग अर्धवट राहिला.

लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ जरूर वाचा. रुसवे, भांडणं, सगळं आहे त्यात. भेटू पुढच्या भागात!