बोगस गिऱ्हाईक आणि पंचनामा

स्त्रियांच्या अनैतिक व्यापारास आळा घालण्यासाठी संसदेने 1956 साली जो कायदा संमत केला, त्याच्या आठव्या कलमाने सार्वजनिक जागी इशाऱ्याने वा शब्दाने गिऱ्हाईक बोलावणे हा गुन्हा ठरविला; आणि असा इशारा सहसा दोघांतच होत असल्याने, पुराव्यासाठी पोलिसांनी साध्या वेशातील बोगस गिऱ्हाईक पाठविण्याची युक्ती अंगीकारली.

त्याच्या हाती द्यावयाच्या नोटांचे क्रमांक पंचांसमक्ष टिपून घ्यावयाचे, नोट बाईच्या हाती गेली की ठरलेली खूण होताच छापा घालावयाचा, आणि तीच नोट मुद्देमाल म्हणून जप्त करावयाची, असा एकंदर शिरस्ता. बचावाचा वकील नेमका याच सांध्यांवर बोट ठेवी : संभाषण पंचाने स्वतःच्या कानांनी ऐकले काय? जागा सार्वजनिक होती काय? कायद्याच्या पंधराव्या कलमान्वये बोलावलेल्या पंचांत एक स्त्री होती काय, की प्रत्येक खटल्यात हजर होणारा पोलिसांचा नेहमीचाच पंच उभा केला होता?

तपास करणाऱ्या अंमलदाराचा अधिकारही वादाचा विषय होई. रामसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असा तपास खास नियुक्त पोलीस अधिकाऱ्यानेच केला पाहिजे, असा निर्वाळा दिला. आमच्या मते हा निव्वळ तांत्रिक बचाव नव्हे. जिला जामीनदार मिळणे दुष्कर, तिच्यापाशी दुसरे हत्यार तरी कोणते होते?

1986 च्या दुरुस्तीने कायद्याचे नाव पालटले, आठवे कलम मात्र कायम राहिले.