१७० अंशांना वितळणारा कप गरम चहाने का वाकतो?

उसाच्या साखरेपासून केलेलं ‘पीएलए’ नावाचं प्लास्टिक साधारण १७० अंश सेल्सिअसला वितळतं. तरीही त्याच्या पारदर्शक कपात गरम चहा ओतला, की कप मऊ पडून वाकतो. कारण वितळायच्या आधीच तो मऊ होतो, आणि हे थांबवण्याचं काम स्फटिक करतात.

पीएलए म्हणजे काय?

साखर आंबवून लॅक्टिक आम्ल मिळतं. दह्यात असतं तेच हे आम्ल. त्याचे रेणू जोडून लांब साखळ्या केल्या, की पीएलए तयार होतं. हे जैविक पॉलिएस्टर आहे. पुणे जिल्ह्यात जेजुरीला प्राज इंडस्ट्रीजने ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याचा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू केला.

खडीसाखर आणि लिमलेटची गोळी

दोन्ही साखरेच्याच. पाक सावकाश निवला, तर रेणू ओळीत बसतात आणि खडीसाखरेचे खडे तयार होतात. झटपट निवला, तर ते जिथल्या तिथे अडकतात आणि काचेसारखी गोळी मिळते.

पीएलएचंही तसंच. त्याच्या साखळ्यांना घड्या घालून ओळीत बसायला वेळ लागतो. साच्यात माल पटकन थंड होतो, म्हणून कपात स्फटिक जवळजवळ नसतातच. अशा विस्कळीत साखळ्या ५५ ते ६० अंशांपलीकडे सैल होतात. चहा त्याहून गरम असतो.

उपाय काय?

* शंखजिऱ्याची बारीक पूड मिसळतात. तिच्या कणांभोवती स्फटिक लवकर धरतात.
* साचा सुमारे १०० अंशांवर गरम ठेवतात, म्हणजे साखळ्यांना ओळीत बसायला वेळ मिळतो.

अशी वस्तू दुधी, अपारदर्शक दिसते. गरम पेयांच्या कपांची पांढरी झाकणं अनेकदा अशाच पीएलएची असतात.

इतर जैविक पॉलिएस्टर

* पीएचबी: जिवाणूंच्या पेशीत साठतं. फ्रेंच शास्त्रज्ञ मॉरिस लेम्वान यांनी १९२६ मध्ये शोधलं. स्फटिक भरपूर, त्यामुळे ठिसूळ. सुमारे १७५ अंशांना वितळतं आणि थोडं पुढे गेलं की विघटित व्हायला लागतं.
* पीबीएस: सुमारे ११५ अंशांना वितळतं. स्फटिक लवकर धरतात, तरीही लवचीक राहतं.

फेकून दिलं तर?

इथेही तापमानच महत्त्वाचं. औद्योगिक कंपोस्टमध्ये उष्णता ५८ अंशांच्या आसपास ठेवतात. तिथे साखळ्या सैल होतात, पाणी आत शिरून त्या तोडतं आणि उरलेलं काम सूक्ष्मजीव करतात. घट्ट बसलेल्या स्फटिकांत पाणी सहज शिरत नाही. म्हणजे जे स्फटिक कप चहासमोर टिकवतात, तेच त्याचं कुजणंही लांबवतात.

मुरबाडहून वैशाखरेमार्गे माळशेज घाटात जाताना रस्त्याकडेला टाकलेल्या कपाला अशी सततची ऊब मिळत नाही. तो तिथे वर्षानुवर्षं पडून राहू शकतो. कपावर ‘कंपोस्टेबल’ लिहिलं असलं, तरी तो कंपोस्ट प्रकल्पापर्यंत पोहोचला, तरच त्या शब्दाला अर्थ आहे.