जलरसायन नियंत्रण (अणुवीज केंद्रातील)

अणुभट्टी, नळ व बाष्पजनित्रे यांचे क्षरण रोखण्यासाठी त्यांतून फिरणाऱ्या पाण्याची शुद्धता, सामू आणि विरघळलेले वायू यांवर ठेवलेला ताबा. पालघर जिल्ह्यातील तारापूर येथे याच्या दोन वेगळ्या पद्धती शेजारी शेजारी पाहता येतात.

1969 मध्ये सुरू झालेले पहिले दोन संच उत्कलन जल अणुभट्टीचे. त्यांत पाणी रसायने न मिसळता, आयन-विनिमय राळेतून गाळून जवळजवळ निर्भेळ ठेवतात. तरीही प्रारणामुळे पाण्याचे विघटन होऊन ऑक्सिजन व हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतात. वितळजोडाजवळचे पोलाद वितळजोडणीच्या उष्णतेने आधीच दुबळे झालेले असते. तेथे ताण आणि ऑक्सिजन एकत्र आले की कणसीमांवरून तडे जातात. या प्रकारच्या भट्ट्यांचे हे जगभरचे दुखणे आहे. पाण्यात हायड्रोजन सोडणे हा त्यावरचा एक उपाय.

तिसरा व चौथा संच (प्रत्येकी 540 मेगावॅट) दाबित जड पाण्याचे. येथे निर्भेळपणाचा हट्ट प्राथमिक मंडलात चालत नाही: कार्बन पोलादाचे नळ टिकावेत म्हणून लिथियम हायड्रॉक्साइडने सामू 10 च्या वर ठेवतात. मंदायकाचे (न्यूट्रॉनांचा वेग कमी करणारे) जड पाणी मात्र शुद्धच लागते.

क्षरणाने सुटलेले कण गाभ्यात जाऊन किरणोत्सारी होतात. कोबाल्ट-60 त्यांपैकी सर्वांत त्रासदायक, कारण दुरुस्ती कामगारांना मिळणारी प्रारणाची मात्रा मुख्यतः त्यानेच वाढते. तारापूरचे संघनित्र (वाफेचे पुन्हा पाणी करणारे उपकरण) समुद्राच्या पाण्याने थंड होत असल्याने त्याची नळी गळताच क्लोराइड आत शिरते, म्हणून आतल्या पाण्याची विद्युतवाहकता सतत मोजतात.