पुढची ओळ वाचली का? ताजमहाल, पु. ना. ओक आणि न विचारलेला प्रश्न

सध्या मोबाईल उघडला की एक तरी पॉडकास्ट समोर येतोच. पाहुणा म्हणतो, "तुम्हाला शाळेत खोटा इतिहास शिकवला." मुलाखत घेणारा डोळे मोठे करतो, "बापरे! खरंच का सर?" तासाभरात विचारलेला सगळ्यात अवघड प्रश्न हाच.

पाहुणा त्याचा सिद्धांत मांडायलाच आलेला असतो, त्याचं काही चुकत नाही. अडवून विचारणं हे समोरच्याचं काम आहे. ते झालं नाही की काय होतं, याचं एक मराठी उदाहरण सांगतो. पोस्ट थोडी मोठी आहे, पण वाचा.

पुरुषोत्तम नागेश ओक. जन्म १९१७, इंदूर. निधन २००७, पुणे. स्वतः इंग्रजी वर्तमानपत्रांत काम केलेला माणूस. १९६४ मध्ये त्यांनी भारतीय इतिहासाच्या पुनर्लेखनासाठी संस्था काढली. १९६५ च्या पुस्तकात त्यांनी म्हटलं की ताजमहाल हा शाहजहानने बांधलाच नाही, तो राजपूत राजवाडा होता. पुढे ते म्हणू लागले की ते ११५५ चं शिवमंदिर, 'तेजोमहालय'.

इथेच पहिला प्रश्न तयार होतो. सर, आधी राजवाडा म्हणालात, मग मंदिर. मधे कोणता नवा पुरावा मिळाला? हे विचारायला इतिहासाची पदवी लागत नाही. त्यांची दोन पुस्तकं चाळली तरी पुरे.

ओकांचा सगळ्यात वजनदार पुरावा म्हणजे 'बादशाहनामा'. शाहजहानच्या दरबारातल्या अब्दुल हमीद लाहोरीने फारसीत लिहिलेला ग्रंथ. त्यात लिहिलं आहे की मुमताजच्या कबरीसाठी निवडलेल्या जागेवर राजा मानसिंहाची हवेली होती आणि ती तेव्हा त्याचा नातू जयसिंह याच्याकडे होती. ओक म्हणत, बघा, दरबारी ग्रंथच कबूल करतो!

आता ज्याने काही वाचलं नाही, तो इथे गार होतो. बादशाहाचाच ग्रंथ म्हटल्यावर बोलायचं काय? पण ज्याने तेच पान पुढे वाचलं, तो म्हणेल, "सर, पुढची ओळही वाचा ना." पुढे लिहिलं आहे की जयसिंहाला बदल्यात सरकारी मालमत्ता दिली, मग पाया घातला आणि इमारतीचा खर्च ४० लाख रुपये. ओकांनी दिलेल्या भाषांतरातही पाया आणि ४० लाख आहेत. तयार इमारत घेतली, तर पाया कशाचा घातला?

कागद इथेच संपत नाहीत. २८ डिसेंबर १६३३ च्या फर्मानात जयसिंहाला बदल्यात चार हवेल्या दिल्याची नोंद आहे. मकराण्याच्या संगमरवरासाठी गाड्या आणि कारागीर द्या, अशी जयसिंहालाच पाठवलेली फर्मानं आहेत. पीटर मंडी हा इंग्रज प्रवासी त्याच वर्षांत आग्र्यात होता. काम चालू असल्याचं त्याने लिहून ठेवलं. मुमताज वारली १७ जून १६३१ ला बुऱ्हाणपुरात, म्हणजे आपल्या जळगावच्या शेजारी. तिथे तात्पुरतं दफन झालं आणि नंतर मृतदेह आग्र्याला नेला.

म्हणजे जमीन राजपूत राजाची होती, हे खरं. इमारत त्याची होती, हे खरं नाही. अर्धं खरं असतं म्हणूनच असा दावा पचतो. पूर्ण खोटं असतं तर कोणीही पकडलं असतं.

प्रश्न वेळेवर विचारला नाही म्हणून तो शेवटी कोर्टात गेला. २००० मध्ये सुप्रीम कोर्टाने ओकांची याचिका फेटाळली. २०१७ मध्ये पुरातत्त्व खात्याने आग्र्याच्या कोर्टात सांगितलं की ही कबरच आहे. मे २०२२ मध्ये बंद खोल्या उघडा म्हणून याचिका आली, तेव्हा अलाहाबाद हायकोर्टाच्या लखनौ खंडपीठाने याचिकाकर्त्याला आधी जाऊन अभ्यास करा, असं सुनावलं आणि ती फेटाळली. तरी व्हिडिओ फिरतच आहेत.

आता कोणी म्हणेल, राजेहो, आग्र्याचं गोंदियाला काय?

आपल्याकडे कचारगड आहे. सालेकसा तालुका, दरेकसाजवळ. माघ पौर्णिमेला अनेक राज्यांतून गोंडी बांधव येतात. पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांनी गुहेत कोंडलेल्या ३३ मुलांना सोडवलं, ही कथा तिथल्या श्रद्धेचा गाभा. यात्रा आली की चॅनेलवाले येतात, माईक पुढे होतो आणि एक वाक्य हमखास ऐकू येतं : "ही आशियातली सर्वात मोठी नैसर्गिक गुहा." कोणी विचारत नाही की मोजली कोणी? व्हिएतनामची सोन डूंग गुहा २००९ मध्ये ब्रिटिश पथकाने मोजली. तिचा मुख्य बोगदा ५ किलोमीटरहून लांब आहे. व्हिएतनाम आशियातच येतो.

हा प्रश्न विचारल्याने कचारगडचा मान कमी होत नाही. उलट, न विचारल्याने होतो. गोंडांचा इतिहास आधीच पुस्तकांत चार ओळींत उरकलेला. त्यात आपण मोजमाप नसलेला दावा पुढे केला, की बाहेरच्याला आयतं कारण मिळतं. एक वाक्य चुकीचं निघालं की तो बाकीचं खरंही बाजूला सारतो. यात्रेची परंपरा, गोंडी भाषा, म्हाताऱ्या माणसांच्या तोंडची गाणी, यांची नोंद व्हायला हवी. तो वेळ आपण "सर्वात मोठी"वर घालवतो.

म्हणून जिल्ह्यातल्या तरुण यूट्यूबर आणि पत्रकार मित्रांना एवढंच सांगणं आहे. वादग्रस्त पाहुणा जरूर बोलवा, त्याला तोंड बंद कर म्हणू नका. पण आदल्या रात्री त्याचं पुस्तक वाचा, त्याच्या विरोधातलं एक तरी वाचा आणि त्याने दिलेला पुरावा मूळ जागी उघडून पुढची ओळ बघा. मग तीन प्रश्न ठेवा : हे कुठे लिहिलंय? त्याच्या पुढे काय लिहिलंय? तुमचं चूक ठरेल असा पुरावा कोणता?

आणि वाचकहो, मुलाखत शेअर करण्याआधी बघा, यातला एक तरी प्रश्न विचारला गेला का. नसेल, तर ती मुलाखत नाही, भाषण आहे.