पॅरासिटामॉल आणि यकृताची शिल्लक

मागच्या वेळी आपण १८८६ सालचं स्ट्रासबर्ग पाहिलं. कान आणि हेप यांना हवं होतं नॅप्थलीन, हाती आलं ॲसिटॅनिलाइड, आणि रुग्णाचा ताप उतरला! पण या औषधाने रुग्ण निळसर पडायचे, कारण रक्तातलं हिमोग्लोबिन बिघडायचं. १९४८ मध्ये ब्रोडी आणि ॲक्सलरॉड यांनी दाखवलं, की गुण येतो तो मुख्यतः ॲसिटॅनिलाइडपासून शरीरात तयार होणाऱ्या पॅरासिटामॉलमुळे. मग तेच थेट का देऊ नये? १९५५-५६ मध्ये ते अमेरिका आणि ब्रिटनच्या बाजारात आलं. आज आपल्याकडेही ताप आला की हात जातो तो याच गोळीकडे.

१९६६ मध्ये मात्र ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये डेव्हिडसन आणि ईस्टहॅम यांनी एक वाईट बातमी छापली. एकदम खूप गोळ्या घेतल्या तर यकृताच्या पेशी मरतात. यातली फसवी गोष्ट अशी, की पहिल्या दिवशी माणूस बहुधा ठीकच दिसतो; मळमळ, उलट्या, फार तर एवढंच. यकृताचं नुकसान उघड होतं दोन-तीन दिवसांनी.

दोन गोळ्यांना निरुपद्रवी असलेलं औषध असं का वागतं? उत्तर १९७३ मध्ये अमेरिकेतल्या मिचेल, जॉलो, जिलेट यांच्या गटाने उंदरांवरच्या प्रयोगांतून दिलं. (लेखकांत पुन्हा ब्रोडी आहेतच!) बरंचसं पॅरासिटामॉल यकृत निमूटपणे लघवीवाटे बाहेर काढतं. थोड्या भागाचं मात्र यकृताचीच विकरं एका आक्रमक रेणूत रूपांतर करतात. म्हणजे विष बाहेरून येत नाही, ते आपणच घरात तयार करतो. पेशीकडे त्याच्यावर उपाय आहे ग्लुटाथायॉन, तीन अमिनो आम्लांचा छोटा रेणू. त्यातलं गंधक त्या आक्रमकाला पकडून ठेवतं. पण प्रत्येक वेळी एक ग्लुटाथायॉन खर्ची पडतं. साठा साधारण ३० टक्क्यांच्या खाली गेला, की आक्रमक रेणू पेशीच्या प्रथिनांनाच चिकटू लागतो.

हे कळलं म्हणून इलाज सुचला. ग्लुटाथायॉन बाहेरून दिलं तर पेशीत नीट शिरत नाही. मग त्याचा कच्चा माल तर देता येईल? एडिनबरोच्या प्रेस्कॉट यांनी १९७४ मध्ये सिस्टिअमिन वापरून पाहिलं. यकृत वाचलं, पण रुग्ण उलट्यांनी बेजार! १९७७ मध्ये त्यांनी शिरेतून दिलं ॲसिटिलसिस्टीन, कफ पातळ करायला आधीपासून वापरात असलेलं औषध. आठ तासांच्या आत दिलं, तर यकृत जवळजवळ नेहमीच वाचतं. म्हणून अशा रुग्णाला, तो कितीही बरा दिसत असला, तरी घरी थांबवून ठेवत नाहीत.